घोटा दुखतो, पण मुरगळला तर नव्हता

“कुठे पडलो नाही, पाय मुरगळला नाही, काही लागलंही नाही, तरी घोटा दुखतोय.” अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येते. पाय मुरगळून सुजला, तर कारण डोळ्यांसमोर असते. बर्फ, क्रेप बँडेज, चार दिवस विश्रांती हा क्रमही घरोघरी पाठ असतो. पण काहीच न घडता घोटा दुखू लागला, की बहुतेक घरांत दोनच निदाने होतात : वय झाले, नाही तर युरिक अ‍ॅसिड वाढले. पहिल्या निदानावर तेल चोळले जाते. दुसऱ्यावर रक्ततपासणी होते आणि जेवणातून डाळ हद्दपार होते. यातले एखादे निदान कधी बरोबर निघतेही. मात्र अनेकदा दोन्ही चुकतात आणि क्वचित ती चूक थेट पायावर बेतते.

‘वय झाले’ याचा विचार आधी करू. उतारवयात गुडघ्याची झीज होते हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून घोट्याचीही तशीच होत असणार असे गृहीत धरले जाते. तसे नाही. नडगीचे मुख्य हाड, त्याच्या बाजूचे बारीक हाड आणि त्या दोहोंच्या मध्ये खालून बसलेले घोट्याचे हाड, असा हा तीन हाडांचा सांधा. सुताराने खाच पाडून त्यात लाकूड घट्ट बसवावे तशी त्याची रचना. चालताना त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, तरीही निव्वळ वयामुळे तो झिजणे गुडघ्याच्या तुलनेत फारच कमी आढळते. घोट्याची झीज दिसलीच तर तिच्यामागे बहुतेक वेळा जुनी इजा असते : कधीकाळी मोडलेले हाड, किंवा कॉलेजात कबड्डी-खोखो खेळताना पुन्हा पुन्हा मुरगळलेला आणि नीट बरा न झालेला पाय. त्यामुळे ‘लागलं नाही’ हे उत्तर गेल्या आठवड्यापुरते देऊन भागत नाही. वीस वर्षांपूर्वीची दुखापत माणूस विसरतो, सांधा विसरत नाही.

झीज नसेल तर मग काय? इथे रक्ताच्या अहवालापेक्षा दोन साधे प्रश्न जास्त कामाला येतात. नेमके कुठे दुखते? आणि कधी दुखते? ‘घोटा’ म्हणून आपण ज्या जागेवर हात फिरवतो तिथे हाडे, अस्थिबंध, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरा, नसा आणि रक्तवाहिन्या अशी सगळी दाटी आहे. दुखणारी जागा एका बोटाने दाखवता आली तर अर्धे निदान तिथेच होते. संपूर्ण पंजा फिरवून “इथे सगळीकडे” असे सांगावे लागले, तर तीही माहितीच असते.

मागच्या बाजूला, टाचेच्या वर, बोटांच्या चिमटीत धरता येईल अशी जाड दोरी लागते. ही शरीरातील सर्वांत मोठी आणि मजबूत कंडरा, अकिलीस. टाचेच्या दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तिचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो आणि दुखणे बहुधा तिथेच सुरू होते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावले अवघड जातात, थोडे चालल्यावर बरे वाटते आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणका लागतो. अचानक वाढवलेले चालणे, नवीन वर्षाच्या संकल्पाने सुरू झालेली धावाधाव, टाचेच्या चपला सोडून एकदम सपाट चपलांवर येणे, ही नेहमीची कारणे.

या दुखण्यावरच्या उपायाची गोष्ट मजेशीर आहे. स्वीडनमधील उमेओ इथले अस्थिशल्यचिकित्सक होकान अल्फ्रेडसन यांचीच अकिलीस कंडरा दुखत होती. त्यांना शस्त्रक्रिया करून हवी होती, पण वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा कंडरा तुटेपर्यंत ताणायची, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, असे ठरवून त्यांनी तिच्यावर जाणूनबुजून भार टाकायला सुरुवात केली, असे सांगतात. कंडरा तुटली नाही, दुखणे गेले. 1998 मध्ये त्यांनी हौशी धावणाऱ्या 15 जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. 12 आठवड्यांनंतर पंधराही जण पुन्हा धावू लागले होते. व्यायाम असा : पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दोन्ही टाचा उचलायच्या, मग वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली न्यायची, वर येताना मात्र चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून 15-15 च्या तीन फेऱ्या, वाकवून तीन, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला 180 वेळा. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच इतका फायदा दिसला नाही, पण विश्रांतीपेक्षा मोजून-मापून दिलेला भार कंडरेला बरे करतो हे तत्त्व टिकले. एक खबरदारी महत्त्वाची : दुखणे टाचेच्या हाडाला जिथे कंडरा चिकटते अगदी तिथे असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये, हाच व्यायाम सपाट जमिनीवर करावा.

अकिलीसच्या दुखण्याचे आणखी एक कारण औषधांच्या पिशवीत असू शकते. लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी दिली जाणारी सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन या गटातील प्रतिजैविके काही जणांत कंडरेला सूज आणतात, क्वचित ती तुटतेही. साठीपुढील वय, सोबत स्टेरॉइडचे उपचार किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले असेल तर हा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2008 मध्ये या गोळ्यांवर सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून किंवा नुसते नाव सांगून ही औषधे आणली जातात, त्यामुळे टाचेचे दुखणे आणि ती गोळी यांचा संबंध कोणी जोडत नाही. असे दुखू लागले तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

घोट्याच्या आतल्या बाजूचे दुखणे जास्त फसवे. आतल्या उंचवट्याच्या मागून एक कंडरा तळपायाकडे उतरते आणि पायाची कमान उचलून धरते. चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांमध्ये, विशेषतः वजन, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर, ती कमकुवत होऊ लागते. सुरुवातीला आतून थोडी सूज आणि जिना चढताना दुखणे एवढेच असते. मग कमान हळूहळू बसते, पाऊल बाहेरच्या बाजूला फिरते आणि पुढे दुखणे बाहेरच्या उंचवट्याखाली सरकते. घरी पडताळून पाहता येईल अशी एक खूण आहे. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहावे आणि टाच उचलावी. चांगल्या पायावर जमते, दुखऱ्या पायावर टाच उठतच नाही किंवा फार दुखते, असे असेल तर कंडरेची तपासणी करून घ्यावी. पहिल्या काही महिन्यांत लक्षात आले तर कमानीला आधार देणारा बुटातला तळवा, काही आठवड्यांची विश्रांती आणि व्यायाम यांवर बहुधा भागते. पाऊल घट्ट सपाट झाल्यावर शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते. दिवसाचे कित्येक तास ओट्याशी अनवाणी, टणक फरशीवर उभे राहणाऱ्या बाईला डॉक्टर घरातही चप्पल घाला म्हणतात, तेव्हा अनेकींना ते पटत नाही. बाहेरची चप्पल घरात नकोच, पण घरापुरता मऊ, कमानीला उचल देणारा वेगळा जोड ठेवायला हरकत नसावी.

आतल्याच बाजूला दुखण्याबरोबर तळपायाला मुंग्या येत असतील, रात्री जळजळ होत असेल, तर तिथून जाणारी नस दाबली गेलेली असू शकते. बाहेरच्या उंचवट्यामागचे दुखणे तिथल्या कंडरांचे असते आणि उंचसखल जागेवर चालताना वाढते.

हाडावरच, एका ठिकाणी, बोट ठेवताच कळ येत असेल तर गोष्ट वेगळी. पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की जिल्ह्याजिल्ह्यांत पहाटे डांबरी रस्त्यांवर मुले-मुली धावताना दिसतात. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर वेळेत पूर्ण करायचे असतात, तारीख जवळ आलेली असते आणि शून्यातून सुरू केलेला सराव काही आठवड्यांत दुप्पट-तिप्पट होतो. हाडाला वाढत्या भाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. तो मिळाला नाही तर त्यात बारीक भेग पडते, कोणताही अपघात न होता. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांबच्या संचलनानंतर सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, याची नोंद केली होती. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 मध्ये. त्यानंतरच ती सूज म्हणजे हाडातली भेग, हे दिसले. गंमत अशी, की आजही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही भेग दिसेलच असे नाही. “एक्स-रे नॉर्मल आहे, धाव” या सल्ल्याने भेगेचे खरे फ्रॅक्चर होते. धावताना हाडावरचे दुखणे वाढत जात असेल, आणि पुढे रात्रीही दुखत असेल, तर धावणे थांबवून पुन्हा तपासणी, गरज पडल्यास एमआरआय, करावा लागतो. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या आणि मासिक पाळी अनियमित झालेल्या मुलींमध्ये हा धोका अधिक असतो. भरतीच्या अकादमीत हा विषय काढायला संकोच वाटतो, पण तो काढायला हवा.

आता दुसरा प्रश्न : कधी दुखते?

कंडरेचे दुखणे सकाळी काही पावलांत सैल होते. सांध्याला आतून सूज आलेली असेल तर सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तासभर टिकतो, आणि विश्रांतीने कमी होण्याऐवजी हालचालीने कमी होतो. विशी-तिशीतल्या तरुणाला असा त्रास घोट्यात किंवा टाचेत होत असेल, सोबत पहाटे कंबर आखडत असेल, घरात कुणाला सोरायसिस असेल किंवा मध्येच एक डोळा लाल होऊन दुखला असेल, तर ही सगळी एकाच आजाराची टोके असू शकतात. मणक्याशी संबंधित या संधिवाताचे निदान व्हायला अनेकदा काही वर्षे जातात, कारण डोळा नेत्रतज्ज्ञाकडे जातो, त्वचा त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि टाच बुटांच्या दुकानात.

पावसाळ्यानंतर दोन्ही घोटे एकदम दुखू लागले तर तापाची आठवण करावी. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतला. सांधेदुखीने वाकून गेलेल्या माणसाचे ते वर्णन आहे. महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1973 मध्ये त्याची साथ आली होती. पुढे तीसेक वर्षे तो देशात जवळपास विसरला गेला आणि 2005-06 मध्ये मोठ्या साथीने परतला. मनगटे, हातांची बोटे आणि घोटे ही त्याची आवडती ठिकाणे. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते, काहींचे महिनोन्‌महिने रेंगाळते. ताप असताना डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामके घेऊ नयेत. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे, कारण आमवातही अगदी असाच दिसू शकतो.

मध्यरात्री अचानक झोपमोड करणारे दुखणे, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा वाटावा इतके लाल झालेले घोटे, आणि चोवीस तासांत शिगेला पोहोचलेला ठणका हे चित्र गाऊटचे. युरेटचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडते. अंगठ्याचा सांधा ही त्याची पहिली पसंती. घोटाही त्याच्या यादीत आहे. म्हणजे युरिक अ‍ॅसिडचा संशय निराधार नव्हे. पण रक्तातले युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुसंख्य लोकांना गाऊट कधीच होत नाही. उलट, ऐन झटक्यात तपासले तर ते प्रमाण सर्वसाधारणही येऊ शकते. त्यामुळे महिनाभर मंद दुखणारा घोटा आणि अहवालात थोडा वाढलेला आकडा यांची सांगड घालून वर्षानुवर्षे गोळी चालू ठेवणे चुकीचे ठरते. शंका असेल तेव्हा सांध्यातले पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक शोधणे, हा खात्रीचा मार्ग.

आणि ती डाळ. अमेरिकेत 47 हजारांहून अधिक पुरुषांचा 12 वर्षे पाठपुरावा करून 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि मासे-कोळंबी जास्त खाणाऱ्यांत गाऊट अधिक आढळला. कमी स्निग्धांशाचे दूध-दही खाणाऱ्यांत कमी. प्युरिन भरपूर असलेल्या वनस्पतिजन्य पदार्थांचा, म्हणजे डाळी, वाटाणे, पालक, फ्लॉवर यांचा मात्र काही संबंध दिसला नाही. बिअर आणि साखर घातलेली शीतपेये यांचा संबंध स्वतंत्र अभ्यासांतून दिसून आला आहे. शाकाहारी घरातल्या आजोबांची वाटीभर आमटी बंद करून त्यांची प्रथिने तोडण्यात काही अर्थ नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी आहे का, हे डॉक्टरांना विचारणे अधिक उपयोगाचे. आपल्या मनाने औषध दुकानातून डायक्लोफिनॅक आणून घेत राहणे तर मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना फार महागात पडते.

काही दुखणी ‘कुठे’ आणि ‘कधी’ यांची उत्तरे शोधत बसायला वेळ देत नाहीत. घोटा गरम, सुजलेला, हलवता न येणारा आणि अंगात ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. एकाच पायाची पोटरी घोट्यापर्यंत सुजून दुखत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर, तर शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते. तो पाय चोळू नये, तडक रुग्णालयात जावे.

मधुमेहींच्या बाबतीत एक आजार असा आहे, ज्यात पाय फार दुखत नाही हाच धोका असतो. वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या साखरेने पायाच्या संवेदना बोथट झालेल्या असतात. घोटा किंवा पाऊल लाल, गरम, सुजलेले दिसते, पण त्रास जेमतेम. म्हणून माणूस चालत राहतो. आत हाडे मऊ होऊन सांधे निखळत असतात. पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये अशा सांध्यांचे वर्णन केले, तेही वेगळ्या आजाराच्या रुग्णांत. मधुमेहाशी त्याचा संबंध 1936 मध्ये नोंदवला गेला. आजही ‘शार्को पाय’ कधी संसर्ग म्हणून, कधी मुरगळ म्हणून, आणि पुष्कळदा युरिक अ‍ॅसिड म्हणून हातचा निसटतो. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे 10.1 कोटी आहे. यातील थोड्यांनाच हा आजार होतो. पण ज्यांना होतो, त्यांचे पाऊल काही महिन्यांत नावेच्या तळासारखे बाहेर फुगते, त्यावर जखम होते आणि पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

संशय घेण्यासाठी यंत्र लागत नाही. तळहाताची मागची बाजू दोन्ही घोट्यांना लावून पाहावी. मधुमेही माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम आणि सुजलेला असेल, तर दुखो वा न दुखो, त्या पायावर भार देणे बंद करून त्याच दिवशी दाखवावे. दवाखान्यात थर्मामीटरने मोजून दोन अंश सेल्सियसहून जास्त फरक आढळला, तर डॉक्टर सावध होतात.

याच्यावरचा मुख्य उपचार म्हणजे पावलाला सर्व बाजूंनी चिकटून बसणारे प्लास्टर. त्याच्या प्रसारात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा मोठा वाटा आहे. डॉ. पॉल ब्रँड तिथे कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. कुष्ठरोगाने हातपाय ‘झडतात’ ही समजूत त्यांना पटली नाही. रोग संवेदना घेऊन जातो आणि वेदना नसल्याने माणूस जखमेवरच चालत राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. प्लास्टरने भार सगळ्या पावलावर विभागला, की तोच पाय भरून येतो. कुष्ठरुग्णांसाठी रुळलेली ही पद्धत पुढे जगभरातील मधुमेहींच्या कामी आली. शार्को पायात प्लास्टर महिनोन्‌महिने ठेवावे लागते, सूज उतरेल तसे बदलावे लागते, आणि ते कधी काढायचे हे ठरवताना दोन्ही पायांच्या तापमानातला फरक मिटला का, हे पाहिले जाते. या काळात सगळे वजन दुसऱ्या पायावर येते. त्यातही संवेदना कमीच असतात, म्हणून त्याचा घोटा आणि तळवा रोज संध्याकाळी उजेडात, गरज पडली तर आरसा धरून किंवा घरातल्या कुणाकडून, नीट पाहून घ्यावा लागतो.